सिग्नलवाले काकाजी

सिंदी मेघेत उजवीकडे वळण्याआधी उजवा हात खांद्याच्या रेषेत पूर्ण लांब करणारा, तळवा पुढे ठेवणारा आणि तेवढ्या वेळात चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा दुचाकीस्वार एकच आहे. त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. आता विदर्भात नुसतं काकाजी म्हटलं तर अर्धा मोहल्ला ओ देतो, म्हणून मागे 'सिग्नलवाले' जोडावं लागतं. ते नाव काकाजींनाही ठाऊक आहे आणि त्यांना ते मनापासून आवडतं. चिडवण्यासाठी ठेवलेलं नाव माणसाने पदवी म्हणून स्वीकारलं की चिडवणाऱ्याचा जो हिरमोड होतो, तो आमच्या गल्लीतल्या पोरांचा झालेला आहे.

काकाजींकडे जायचं असेल तर आधी एक खुलासा. वर्धा जिल्ह्यात सिंद्या दोन आहेत. सिंदी रेल्वे सेलू तालुक्यात. तान्ह्या पोळ्याला तिथे लाकडी बैलांची जत्रा भरते, ती सिंदी वेगळी. आमची सिंदी मेघे वर्धा शहराला चिकटलेली. इतकी चिकटलेली की शहर कुठे संपलं आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली हे कराची पावती आल्याशिवाय कळत नाही. गल्ल्या गावाच्या मापाच्या आणि गाड्या शहराच्या हिशेबाने, अशी इथली रहदारी आहे. एका घरात माणसं चार आणि दुचाक्या तीन. चौथ्याचं वय अजून सोळा व्हायचंय, म्हणून तो तूर्तास फक्त गाडी पुसतो. गाडी चालवायला शिकवणाऱ्या काकाजींना विद्यार्थी कमी पडत नाहीत ते यामुळे.

तर त्यांचा हात. हा हात बाहेर आला की त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' एवढाच असतो. पण हा अर्थ ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी कुणालाच तो ठाऊक नसतो. समोरून येणारे निवृत्त मास्तर उलट हात उंचावून नमस्कार करतात. ऑटोवाला करकचून थांबतो आणि 'कुठी जाचं काकाजी?' विचारतो. एकदा तर समोरून येणाऱ्या कॉलेजच्या पोराने चालत्या गाडीवरून त्या तळव्यावर टाळी देऊन टाकली. काकाजींचा तोल गेला नाही, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कुणाशी बोललेही नाहीत.

हात हा त्यांचा हट्ट नाही, तो त्यांच्या मते कायदा आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत चालकाने हाताने द्यायच्या पाच खुणा होत्या आणि त्या पाचही काकाजींना तोंडपाठ, खरं तर हातपाठ आहेत. वेग कमी करायचा तर उजवा हात बाहेर, तळवा जमिनीकडे, आणि वरखाली. थांबायचं तर कोपरापासून हात उभा. उजवीकडे जायचं तर हात आडवा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात आडवा धरून पुढेमागे अर्धगोलात हलवायचा. आणि डावीकडे वळायचं तर उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. ही शेवटची खूण काकाजी आमच्या मारुतीच्या देवळाजवळ करतात, तेव्हा ओट्यावरच्या बायकांना वाटतं, यांनी गाडीवर बसल्या बसल्या कुणाची तरी दृष्ट काढायला घेतली. २०१७ साली जुनी नियमावली जाऊन नवी आली. काकाजींनी ती वाचली आहे, जपून ठेवली आहे आणि हात बाहेर काढणं चालू ठेवलं आहे.

गाडी वळवायच्या वेळी नेमका ॲक्सिलरेटरवरचा हात सुटतो, हे त्यांना कुणी दाखवून दिलं की ते शांतपणे म्हणतात, "मंग? वळताना रेस देता काय तुम्ही?" यावर उत्तर नसतं. पुढचा ब्रेकही त्याच हाताला असतो, हा खरा आक्षेप आहे. तो मात्र त्यांना मान्य आहे. म्हणून त्यांच्या शिकाऊ पोरांना हात बाहेर काढायला सक्त मनाई आहे. "हात माहा. तुम्ही बत्ती द्याची," असा वाटपाचा नियम आहे.

काकाजी एसटीत ड्रायव्हर होते. साधे नव्हेत, पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेले. छातीवर बिल्ला लावून घेतलेला सत्काराचा फोटो दिवाणखान्यात आहे आणि फोटोखालच्या खुर्चीत बसणाऱ्याला त्या बिल्ल्याची गोष्ट ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. एसटीत कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. हे काकाजींच्या हाडात गेलेलं आहे. काकू मागे बसल्या तरी काकाजी गाडी हलवत नाहीत. पेट्रोलपंपावर मागे रांग लागते, हॉर्न वाजतात, पोरं ओरडतात, काकाजी समोर बघत स्थितप्रज्ञ. मग काकू त्यांच्या हेल्मेटवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात आणि गाडी निघते. भाजी घ्यायला थांबायचं असेल तर एकदाच टक. एवढ्या वर्षांत या दोघांमध्ये रस्त्यावर भांडण झालेलं कुणी पाहिलेलं नाही. घरात होतं, कारण घरात काकाजी हेल्मेट काढतात.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात आहे आणि ते ते नव्या गाडीचा पेढा खाता खाता ऐकवतात. "बाबू, तुह्या मनातलं तुह्या बायकोले कळत नाही, मागच्या ट्रकवाल्याले कसं कळन?" पोरगं बिनलग्नाचं असलं तर बायकोच्या जागी माय येते, बाकी वाक्य तेच.

आता आमच्या गावातली माणसं मुळीच खुणा करत नाहीत, असा मात्र समज करून घेऊ नका. उलट खुणांची आमच्याकडे चंगळ आहे. खर्रा घोटणारा स्वार घ्या. डाव्या हातात पन्नी, पन्नीत खर्रा, अंगठा चालू, उजव्या हातात हँडल. याने मान उजवीकडे वाकवली की तो वळणार नसतो, थुंकणार असतो. मागच्याने त्या हिशेबाने अंतर ठेवायचं. मान डावीकडे वाकली तर कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल आहे. डावा पाय बाहेर लोंबू लागला की गाडी डावीकडे जाणार. उजवा पाय बाहेर आला तर उजवीकडे जाईलच असं नाही, नवखा असेल तर दोन्ही पाय बाहेर असतात आणि तेव्हा तो कुठेही जाऊ शकतो. चौकात चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागले तर त्याला सरळ जायचंय. ही शेवटची खूण कुठल्याच नियमावलीत नाही. ते चारही दिवे गाडी बंद पडली, अडचणीत उभी आहे, हे सांगण्यासाठी असतात. पण 'उजवाही नाही, डावाही नाही, म्हणजे दोन्ही' हा तर्क आमच्या माणसाने स्वतःच्या डोक्याने काढलेला आहे आणि तो आता पुसणं कठीण.

मागे बसलेली बाई हे तर स्वतंत्र खातंच. नवरा गाडी चालवतो, वळण्याचा हात ती करते. पुष्कळदा नवऱ्याला ठाऊक नसतं आपण वळणार आहोत. तिच्या हातावरून मागच्याला आधी कळतं आणि नवऱ्याला नंतर. काकाजींना ही पद्धत तत्त्वतः मंजूर आहे. "निदान कोणीतरी सांगून राह्यलं ना," म्हणतात.

आणि आमची सगळ्यात प्रेमळ खूण म्हणजे परक्याला दिलेली खूण. साइड स्टँड खाली राहिलेला दिसला की अख्खा रस्ता 'स्टँड! स्टँड!' ओरडतो. ओढणी चाकाकडे गेली की चार अनोळखी गाड्या बाजूला येऊन सांगतात. दिवसा हेडलाईट चालू दिसला तर समोरचा प्रत्येक माणूस हाताची मूठ उघडमीट करून दाखवतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा कायम चालूच राहील अशी सोय कंपन्यांनी करायची, असा नियम आहे. बटणच नाही, बंद काय करणार? तरीही म्हातारी माणसं अजून मुठी उघडमीट करतात आणि पोरं चिडतात. काकाजी चिडत नाहीत. "त्याले तुही फिकर हाये," म्हणतात, "त्याले नियम माहीत नाही, एवढंच. अन् तुले नियम माहीत हाये, फिकर नाही."

जी एक खूण कुणी कुणाला सांगत नाही ती म्हणजे चालू राहिलेला इंडिकेटर. मोटारीत वळण संपून चाक सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो. आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांत तो अंगठ्याने दाबूनच बंद करावा लागतो. त्यामुळे सकाळी आर्वी नाक्याला उजवीकडे वळलेला माणूस दुपारी सावंगीच्या दवाखान्यापर्यंत उजवीकडे वळतच असतो. काकाजी अशाचा पाठलाग करतात. मी अतिशयोक्ती करत नाही. एका स्प्लेंडरवाल्याच्या मागे ते सिंदी मेघेपासून बजाज चौकापर्यंत गेले, सिग्नलला त्याच्या बाजूला गाडी लावली आणि विचारलं, "भाऊ, राइटले जाचं ठरवून तुमाले किती टाइम झाला?" तो म्हणाला, "मले तं सरळ जाचं हाये." काकाजी म्हणाले, "मंग हे मागच्या दहा जणायले कोण सांगन?" त्या माणसाने इंडिकेटर बंद केला आणि डावीकडे वळून निघून गेला.

काकाजींची शाळा भरते ती गल्लीच्या टोकाच्या खाली प्लॉटवर. प्लॉटचा मालक नागपूरला राहतो आणि त्याला या विद्यापीठाची कल्पना नाही. रविवारी पहाटे काकाजी फक्कीची पिशवी घेऊन येतात आणि कबड्डीचं मैदान आखावं तसा रस्ता आखतात. मध्ये तुटक रेघ, पुढे अखंड रेघ, चौकाच्या आधी आडवी थांबा-रेघ, तिच्यापुढे झेब्रा. कोपऱ्यात आरटीओच्या परीक्षेसाठी मोठा आठाचा आकडा. सात वाजेस्तोवर झेब्र्यावरून शेजारच्यांच्या शेळ्या जाऊन येतात. शेळ्या बरोबर झेब्र्यावरूनच जातात याचं काकाजींना फार कौतुक. माझा अंदाज, त्या चुना चाटायला जातात. पण ते मी बोलून दाखवलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची मुलगी नवी स्कूटर घेऊन आली. अठरा पूर्ण झालेलं, लर्निंग लायसन्स मोबाईलमध्ये. हल्ली शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्याही देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. तिचे नऊच आले होते.

"म्हणजे सहा चौकात डोळे मिटून गेली तरी चालते काय माय?" काकाजींनी विचारलं.

ती गोरीमोरी झाली. मग त्यांनी तिला स्कूटरवर बसवलं आणि गाडी चालू न करता उजवं वळण शिकवलं. हा पाठ मी कुंपणावर बसून पाहिलेला आहे. गाडी जागेवर उभी, आणि वळण अर्धा तास चाललं.

"पहिले आरसा पाह्य."

तिने पाहिला.

"काय दिसते?"

"खांदा."

"खांदा कोणाचा?"

"माझा."

"तुहा खांदा तुले ओव्हरटेक करणार हाये काय? आरसा फिरव. मागचा रस्ता दिसला पाह्यजे, खांदा कोपऱ्यात नावापुरता."

आरसा फिरला. मग इंडिकेटर. तिने बटण दाबलं आणि लगेच हँडल वळवलं. काकाजींनी हँडल धरलं. "थांब. बत्ती दिली म्हणजे रस्ता तुह्या नावावर झाला नाही. बत्ती म्हणजे विचारणं हाये. त्याले ऐकू जाऊ दे. वाचू दे. तो हो म्हणते का नाही ते पाह्य. मंग मान वळवून उजव्या खांद्यावरून एकदा माग पाह्य, काहून का आरशात एक माणूस कधीच दिसत नाही."

"कोणता?"

"जो तुह्या बाजूले येऊन चिकटला तो. त्याचाच अपघात होते."

मग डावीकडून हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे यायचं, समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि मग वळायचं. आमच्याकडे उजवीकडे वळणारा माणूस डाव्या कडेला, थेट नालीजवळ थांबतो आणि तिथून सगळा रस्ता आडवा कापतो. त्याला तेच सुरक्षित वाटतं. गाडी चालू केल्यावर मुलीनेही तेच केलं. काकाजींनी खिशातून शिट्टी काढून वाजवली. शेळ्या पळाल्या. "वळून झालं. आता सगळ्यात कठीण काम कोणतं?" मुलीने खूप विचार केला. "सरळ जाणं?" "बत्ती बंद करणं!"

पट्ट्यांच्या बाबतीत काकाजी जास्त हळवे आहेत. तुटक पांढरी रेघ असली तर मागचापुढचा पाहून ओलांडता येते, अखंड असली तर ओलांडायची नाही, दोन पिवळ्या अखंड रेघा असल्या तर पलीकडे सोन्याची खाण दिसली तरी जायचं नाही. एक अखंड आणि एक तुटक जोडीने असल्या तर ज्याच्या बाजूला तुटक त्याला मुभा. हे सगळे सांगतात. काकाजी पुढचं सांगतात: तुटक रेघेतले पट्टे लांब झाले आणि मधली फट कमी झाली तर समजायचं पुढे वळण किंवा चौक आहे. रस्ता आधी कुजबुजतो, मग ओरडतो. एसटी चालवताना रात्री पाटी दिसायच्या आधी त्यांना पट्ट्यांवरून कळायचं. हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पट्ट्यावरून आम्ही वर्षानुवर्षं जातोय आणि तो आम्हाला काही सांगतोय याचा पत्ता नाही.

रस्त्याच्या मधोमध रेघ मारायची कल्पना कुणाला सुचली, ही गोष्टही त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स नावाचे रस्ते-अधिकारी होते. १९११ च्या सुमाराला त्यांनी दुधाच्या एका गळक्या गाडीमागे रस्त्यावर उमटत गेलेली पांढरी रेघ पाहिली आणि त्यावरून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. काकाजी ही गोष्ट गोरसपाक खाता खाता सांगतात, गोरस भांडारातून आणलेला. आणि शेवटी हळहळतात. "तिथं दूध सांडलं तं रस्ता सुधरला. आपल्या इकडं दुधवाल्याचा डबा गळला असता तं लोकायनं गाडी आडवी लावून पाणी किती घालते यावर भांडण केलं असतं."

वर्ध्यातल्या मुख्य रस्त्यावर ते पोरांना नेतात तेव्हा खरी परीक्षा होते. सिग्नल लाल आहे, थांबा-रेघ आहे, रेघेच्या मागे काकाजी आहेत. बाकी सगळं वर्धा रेघेच्या पुढे आहे. झेब्र्यावर गाड्यांची पुढची चाकं, झेब्र्यापुढे आणखी एक ओळ, त्यापुढे ज्यांना सिग्नलच दिसत नाही इतके पुढे आलेले. मागचे लोक हॉर्न वाजवतात, कारण काकाजी आणि झेब्रा यांच्यामध्ये दोन गाड्यांची मोकळी जागा वाया जात असते. "ते जागा माणसायची हाये," काकाजी मागे न बघता सांगतात. डावीकडे जाणारे तर लाल दिव्याला मोजतच नाहीत. 'लेफ्ट फ्री' असा फलक असेल तिथेच ती मुभा असते, पण आमच्याकडे फलक नसतानाही लेफ्ट जन्मतः फ्री आहे.

बजाज चौकात थांबलं की काकाजींचा अभिमान आणि संताप एकदम जागे होतात. जमनालाल बजाज वर्ध्याचे, त्यांना दत्तक घेणारे शेठ बछराजही वर्ध्याचे, आणि देशभर स्कूटर पोचवणारी बजाज ऑटो कंपनी १९४५ साली सुरू झाली ती बछराज यांच्याच नावाने. हे सांगून ते चौकाकडे बोट दाखवतात. "साऱ्या देशाले दुचाकीवर बसवणारं आडनाव आपल्या वर्ध्याचं. अन् वर्ध्याले अजून वळता येत नाही." जिल्ह्यात दारूबंदी असूनही गाड्या नागमोडी चालतात, हे त्यांचं दुसरं लाडकं दुःख आहे.

पावसाळ्यात मात्र पट्ट्यांवरची माया ते आवरतात. रस्त्यावरचे हल्लीचे जाड पांढरे पट्टे साध्या रंगाचे नसतात. प्लास्टिकसारखा मसाला भट्टीत वितळवून ओततात, वर काचेचे बारीक मणी पेरतात, म्हणून रात्री ते हेडलाईटमध्ये चमकतात. पण ओले झाले की दुचाकीच्या चाकाला गुळगुळीत. झेब्र्यावर ब्रेक दाबला की मागचं चाक सरकतं. "पट्ट्याले मान द्याचा, पाय नाही द्याचा," म्हणजे ब्रेक पट्ट्याच्या आधी, डांबरावर किंवा सिमेंटवर. ज्यांची पोरं पहिल्या पावसात आपटली त्यांनी हे वाक्य घराच्या दाराला लावावं.

एक खंत त्यांना कायमची आहे. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटरचा. येळाकेळीला चढायला वाट आहे. पट्टे असे की बोट लावून पाहावंसं वाटतं: कडेची रेघ, मार्गिकेची रेघ, सगळं फुटपट्टीने मारलेलं. आणि तिथे दुचाकीला बंदी. काकाजी एकदा पुतण्याच्या मोटारीतून त्या रस्त्याने जाऊन आले. पूर्ण वेळ खिडकीतून खाली बघत होते. पुतण्याने मार्गिका बदलली तेव्हा सवयीने हात बाहेर काढायला गेले, तर काच बंद होती.

रात्रीचा विषय निघाला की मात्र काकाजी विनोद करत नाहीत. कापसाच्या हंगामात हिंगणघाट, वर्धा, सेलू सगळीकडे रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. ट्रॉलीचे मागचे दिवे बहुधा शोभेचे, बैलगाडीला ते नसतातच. कापसाची बोंदरी भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याएवढी रुंद असते आणि डिपर मारून मारून समोरच्या गाडीने डोळे दिपवलेले असतात. तेव्हा मोटारसायकलवाल्याला ती दिसते तोपर्यंत तो तिच्याखाली असतो. एसटीच्या उंच खिडकीतून काकाजींनी जे पाहिलं त्यातलं बरंचसं ते सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हा आकडा त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि वर्ग सुरू होताना तो एकदा वाचून दाखवतात, बस. मग दिवाळीनंतर रेडियमचा रोल घेऊन बाजाराच्या वाटेवर उभे राहतात आणि थांबतील त्या गाड्यांना मागे लाल पट्ट्या चिकटवतात. बैलाच्या शिंगांनाही लावतात. गाडीवान म्हणतात, "काकाजी, बैलाचं लग्न हाये काय?" काकाजी म्हणतात, "लग्न नाही. मयत टळन म्हणून लावून राह्यलो."

अशा माणसाची थट्टा करणं सोपं असतं आणि आम्ही ती रोज करतो. ते शिस्तीचं अती करतात, हे खरंच. रिकाम्या गल्लीत, रात्री अकराला, समोर फक्त झोपलेलं कुत्रं असताना त्या कुत्र्याला हात करून वळण्याची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. काकूंचंही आहे. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं चौकात लगेच ओळखू येतात. ती वळण्याच्या बरीच आधी बत्ती देतात, मान वळवून मागे पाहतात आणि वळल्यावर अंगठ्याने बटण दाबतात. त्यांच्या मागे गाडी चालवताना माणसाला बरं वाटतं. एवढं प्रशस्तिपत्र मी सिंदी मेघेत दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तेव्हा घरात कुणी नवी गाडी घेतली असेल तर त्याला किंवा तिला रविवारी सकाळी सातला प्लॉटवर पाठवा. लर्निंग लायसन्स सोबत हवं. गाडीला पुढे आणि मागे, पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, दिसेल एवढा मोठा, खिशातल्या स्टिकरएवढा नव्हे. आरसे दोन्ही जागेवर हवेत. स्टाईलसाठी काढून ठेवले असतील तर ते परत लावल्याशिवाय वर्गात घेत नाहीत. हेल्मेट डोक्यावर हवं, कोपरात अडकवलेलं चालत नाही. फी नाही, फक्कीची एक पिशवी न्यावी. जून ते सप्टेंबर वर्ग बंद असतो, कारण पाऊस आला की रेघा वाहून जातात.